२,३२६ नोंदी : जॉन वूडन यांचा शेवटचा हंगाम

कॉलेजच्या खेळाडूंशी कडक वागावं की मायेनं, हा वाद प्रत्येक जिमखान्यात रंगतो. एक बाजू म्हणते, धाकाशिवाय पोरं खेळत नाहीत. दुसरी म्हणते, पाठीवर हात ठेवल्याशिवाय त्यांच्यातलं काही बाहेर येत नाही. दोघंही आपापले विजेते प्रशिक्षक पुढे करतात, आणि दोघांकडेही ते भरपूर असतात. त्यामुळे वाद तिथल्या तिथेच राहतो. पन्नास वर्षांपूर्वीचं एक प्रकरण मात्र असं आहे, की तिथे प्रशिक्षक सरावात नेमकं काय करतो हे कुणीतरी वही घेऊन शेजारी बसून मोजलं. विद्यापीठातल्या खेळाडूंना शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

१९७४-७५चा हंगाम सुरू झाला तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये, बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन वूडन यांचं सत्ताविसावं वर्ष चालू होतं. वय ६४. मूळचे इंडियाना राज्यातले, पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळलेले आणि पेशाने आधी शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर. १९६४ ते १९७३ या दहा वर्षांत त्यांच्या संघाने नऊ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली होती आणि सलग ८८ सामने जिंकले होते. पण १९७४ साल जड गेलं. जानेवारीत नोटर डेम विद्यापीठाने ७१-७० असं हरवून विजयांची मालिका तोडली. मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने उपांत्य सामन्यात दोनदा जादा वेळ खेळवून ८०-७७ने बाहेर काढलं. मग संघाचा मुख्य खेळाडू बिल वॉल्टन शिक्षण संपवून गेला, त्याच्याबरोबर साथीदार विल्क्सही गेला. आधीच्या वर्षीच्या पहिल्या पाचांतला डेव्ह मायर्स एवढाच उरला. मार्क्विस जॉन्सन यकृताच्या आजारातून उठत होता. म्हणजे वूडन यांच्या मानाने हा उभारणीचा हंगाम होता, आणि प्रशिक्षकाचं काम बघायला असाच हंगाम बरा.

वहीत काय उतरलं

रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्या काळात हवाईतल्या मूलनिवासी मुलांच्या शिक्षणाच्या एका प्रकल्पावर काम करत होते. चांगला शिक्षक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून नको होतं. अव्वल दर्जाचा शिक्षक काम करताना बघायचा होता. त्यांनी वूडन यांची निवड केली. १५ सरावांना, मिळून सुमारे ३० तास, ते बसले आणि वूडन यांची प्रत्येक शिकवण्याची कृती एकेका रकान्यात टिपत गेले. एकूण नोंदी झाल्या २,३२६. वूडन यांची मुलाखत त्यांनी घेतली नाही. जे दिसलं आणि ऐकू आलं, तेवढंच लिहिलं.

त्या काळच्या मानसशास्त्रात बक्षीस आणि शिक्षा या दोन गोष्टींचा बोलबाला होता. शिकवणं म्हणजे योग्य वेळी शाबासकी आणि योग्य वेळी कानउघाडणी, असा साधारण समज. वहीतले आकडे बघितले की त्या समजाला तडा जातो. निम्म्याहून जास्त नोंदी, ५०.३ टक्के, निव्वळ सूचनांच्या निघाल्या : पाय कुठे टाक, चेंडू कुठून दे, कुणाला अडव, कधी वळ. शिकवलेलंच जोरात, वेगात करायला लावणारी हाक १२.७ टक्के. स्तुती ६.९ टक्के. नुसतं रागावणं ६.६ टक्के. रागावून लगेच त्याच श्वासात योग्य पद्धत पुन्हा सांगणं ८ टक्के. बरोबर कसं ते करून दाखवणं २.८ आणि चूक कशी होते ते करून दाखवणं १.६ टक्के.

स्तुती आणि नुसतं रागावणं या दोन्हींची बेरीज करा. साडेतेरा टक्के होते. कडक की मायाळू हा आपला सगळा वाद या साडेतेरा टक्क्यांवर चालतो. उरलेल्या भागाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि खेळाडू घडला तो त्या भागात.

रागावण्याचा तो आठ टक्क्यांचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. अभ्यासकांनी दिलेल्या एका उदाहरणात वूडन काही खेळाडूंवर उखडलेले आहेत. बोलण्याचा आशय असा : तुमच्यातल्या काहींना तीन वर्षं सांगतोय, पास देताना हात मागे खेचू नका, छातीपासून द्या! यातला राग खरा आहे. तरीही वाक्य संपतं तिथे खेळाडूच्या हातात करण्यासारखी एक गोष्ट पडलेली असते. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हे वाक्य आपल्या मैदानांवर रोज ऐकू येतं. त्याच्या शेवटी खेळाडूकडे काय उरतं? खाली घातलेली मान. पुढचा पास कसा द्यायचा, हे त्याला आधीही माहीत नव्हतं आणि आताही नाही.

करून दाखवण्याचीही एक ठरलेली रीत होती. वूडन खेळ थांबवत, बरोबर कृती करून दाखवत, मग खेळाडूने केली तशी चुकीची कृती हुबेहूब दाखवत, आणि लगेच पुन्हा बरोबर. हे प्रात्यक्षिक क्वचितच तीन सेकंदांपेक्षा जास्त चाले. त्यांचं बोलणंही फार तर वीसेक सेकंदांचं. मैदानाच्या कडेला उभं करून दिलेलं भाषण जवळजवळ नाहीच. चूक आणि दुरुस्ती यांच्यात एवढं कमी अंतर असलं की शरीराला आठवण राहते. दहा मिनिटांनंतर, सराव थांबवून, सगळ्यांना गोळा करून तीच चूक सांगितली तर ती फक्त डोक्याला कळते.

वूडन शिवी देत नसत आणि खेळाडूंनाही देऊ देत नसत. ‘गुडनेस ग्रेशस सेइक्स अलाइव्ह’ (goodness gracious sakes alive, साधारण ‘अरे देवा!’) हा जुन्या धाटणीचा उद्गार म्हणजे त्यांच्या रागाची परिसीमा. तो कानावर आला की आज आपली खैर नाही, हे खेळाडू ओळखत.

कार्डावरचा सराव

थार्प आणि गॅलिमोर यांचा लेख १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००४मध्ये त्यांनी त्याच नोंदींकडे पुन्हा पाहिलं तेव्हा त्यांना जाणवलं, की वहीत जे दिसलं त्याचं मूळ वहीबाहेर होतं. वूडन सकाळी साहाय्यकांसोबत बसून त्या दिवसाचा सराव मिनिटामिनिटाने आखत. दोन तासांच्या सरावाची तयारी जवळपास तेवढाच वेळ चाले. आराखडा लहान कार्डांवर उतरे, आणि जुन्या वर्षांच्या नोंदीही जपून ठेवलेल्या असत. त्यामुळे आज ज्या दिवशी जे शिकवायचं, त्याच सुमारास गेल्या वर्षी आणि त्याआधी काय केलं होतं, ते काढून बघता येई.

वीस सेकंदांत नेमकी सूचना देणं हे हजरजबाबीपणाचं काम वाटतं, पण ते सकाळच्या बैठकीचं फळ होतं. आज कुठल्या खेळाडूची कुठली चूक होणार, हे आधीच हेरलेलं असे; चूक दिसताच शब्द तयार असत. तयारीशिवाय मैदानावर उतरलेल्या प्रशिक्षकाकडे मग उरतात फक्त दोन गोष्टी : ‘शाबास’ आणि ‘काय चाललंय हे?’ माझ्या मते आरडाओरडा करणारे बरेच प्रशिक्षक स्वभावाने रागीट नसतात. त्यांची तयारी झालेली नसते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी वूडन खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. हायस्कूलमध्ये नावाजलेल्या, राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्या पोरांना पहिला धडा मोज्यांचा! तो धडा आजही सांगितला जातो, पण बहुतेक वेळा नम्रतेची गोष्ट म्हणून. मला त्यात दुसरंच दिसतं. कुठलीही कृती करायची एक रीत असते आणि ती इथे शिकवली जाईल, एवढं त्या पहिल्या तासात ठरून जाई.

स्तुतीचा आकडा आपल्याकडच्या वाचकाला धक्का देणार नाही. सचिन तेंडुलकरने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं, की गेल्या २९ वर्षांत आचरेकर सरांनी त्याला कधीच ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही; पोरगं सुस्तावेल, मेहनत सोडेल, ही त्यांना काळजी. त्यावरून स्तुती टाळणं हाच मोठ्या प्रशिक्षकाचा गुण, असा निष्कर्ष आपण फार पटकन काढतो. आचरेकर सर एकाच दिवसात अनेक मैदानांवर सामने खेळायला नेत, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून गोलंदाजांपुढे उभं करत. न बोललेल्या ‘वेल प्लेड’च्या जागी त्यांनी प्रचंड सराव आणि नेमकी आव्हानं ठेवली होती. ती जागा रिकामी ठेवणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये.

मग जिंकले ते यामुळेच का?

२९ मार्च १९७५. सॅन दिएगोत उपांत्य सामना लुईव्हिलशी, आणि त्यांचा प्रशिक्षक डेनी क्रम हा वूडन यांचाच जुना खेळाडू आणि साहाय्यक. सामना जादा वेळेत गेला. अखेरच्या काही सेकंदांत लुईव्हिल एका गुणाने पुढे असताना त्यांच्या ज्या खेळाडूने हंगामभर एकही फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी विनाअडथळा फेक) चुकवला नव्हता, त्याचाच फ्री थ्रो हुकला. रिचर्ड वॉशिंग्टनने टोपली केली आणि यूसीएलएने सामना ७५-७४ असा घेतला. त्यानंतर खोलीत वूडन यांनी खेळाडूंना सांगितलं, की पुढचा सामना आपला शेवटचा. ३१ मार्चला केंटकीला ९२-८५ने हरवून त्यांनी दहावं अजिंक्यपद मिळवलं. हंगामाचा हिशेब २८ विजय, ३ पराभव.

अंतिम सामन्यात एक क्षण असा आला, की मायर्सविरुद्ध फाउल दिला गेला, चिडून त्याने जमिनीवर हात आपटला, त्यावर आणखी तांत्रिक फाउल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाउल, लागला, आणि वूडन स्वतः पंचांवर ओरडत पुढे धावले. शांत म्हणून ओळखला जाणारा प्रशिक्षक भर अंतिम सामन्यात तापला. केंटकीने ते फ्री थ्रो घालवले, पाठोपाठ चेंडूही गमावला. १५ सरावांच्या नोंदीत अशा क्षणाला जागा नाही, आणि असे क्षण अजिंक्यपदाचा निकाल फिरवू शकतात, हे विसरता येत नाही.

आता अवघड भाग. हा संघ जिंकला त्याचं श्रेय शिकवण्याच्या शैलीला किती द्यायचं? मायर्स १९७५च्या एनबीए निवडीत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर गेला, वॉशिंग्टन १९७६मध्ये तिसऱ्या आणि जॉन्सन १९७७मध्ये तिसऱ्या. उभारणीच्या हंगामातसुद्धा वूडन यांच्या हाताशी असा माल होता. खेळाडू मिळवण्याच्या बाबतीत यूसीएलएवर एक डागही आहे. सॅम गिल्बर्ट नावाचा धनिक हितचिंतक खेळाडूंना नियमबाह्य मदत करत असे, आणि वूडन निवृत्त झाल्यानंतर, १९८१मध्ये, एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने) विद्यापीठावर कारवाई करून त्याच्याशी संबंध तोडायला लावले. वूडन यांचं कौतुक करताना हे वगळणं बरोबर नाही.

उलट बाजूनेही बघावं. १९४८पासून १९६३पर्यंत हाच मास्तर, हीच शिस्त, हीच कार्डं, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद एकही नाही. सरावाची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची जुनी, कोंदट व्यायामशाळा, तीही कुस्तीगीर आणि जिम्नॅस्ट यांच्याबरोबर वाटून घेतलेली. १९६४चं पहिलं अजिंक्यपद आलं ते पूर्ण मैदानभर दाब टाकणाऱ्या बचावामुळे, आणि तो आग्रह साहाय्यक जेरी नॉर्मन यांचा होता. शिकवण्याची पद्धत असून भागत नाही. काय शिकवायचं तेही योग्य लागतं.

वूडन यांच्या नंतर जीन बार्टो आले. दोन हंगामांत ५२ विजय, ९ पराभव. अजिंक्यपद नाही. लोकांनी त्यांना एवढं हैराण केलं की ते सोडून गेले. ८५ टक्के सामने जिंकणारा प्रशिक्षक अपयशी ठरवला जातो, तेव्हा आकडे सांगतात की संघाचा बराचसा दर्जा खेळाडूंनीच वाहून आणलेला होता.

आणि १९७६चं अजिंक्यपद कुणाला मिळालं? इंडियाना विद्यापीठाला. प्रशिक्षक बॉबी नाइट. ३२ सामने, ३२ विजय, त्यात बार्टोंच्या यूसीएलएवर दोन. नाइट म्हणजे धाकाचं दुसरं नाव. १९८५मध्ये भर सामन्यात त्यांनी मैदानात खुर्ची भिरकावली, आणि २०००मध्ये वागणुकीच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. तरी १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन अजिंक्यपदं त्यांच्या नावावर आहेत. धाकाने संघ जिंकत नाहीत असं म्हणणाऱ्याला इथे उत्तर देता येणार नाही. नाइट यांच्या संघांचा खेळ बघितलेले सांगतात, की बचाव आणि आक्रमणातलं त्यांचं शिकवणं फार बारकाईचं होतं. मला वाटतं, ते त्या बारकाईने जिंकले, आणि धाकाची किंमत मात्र खेळाडूंनी आणि शेवटी त्यांनी स्वतः मोजली.

विद्यापीठातल्या खेळाडूंच्या बाबतीत ही किंमत वेगळी मोजावी लागते. अठरा ते बावीस वयाचा मुलगा किंवा मुलगी सकाळी वर्गात असते, परीक्षा देते, आणि बहुतेक जण पुढे खेळावर पोट भरणार नसतात. त्यांच्या कामगिरीत पदवी येते, खेळाची आवड टिकणं येतं. मूळचे भारतीय असलेले क्रीडा-व्यवस्थापनाचे अभ्यासक पी. चेल्लादुराई यांनी नेमका हाच धागा पकडला. १९८०मध्ये सालेह यांच्यासह त्यांनी प्रशिक्षकाच्या वागण्याचं मोजमाप करणारी प्रश्नावली मांडली. तिच्यात पाच बाजू आहेत : प्रशिक्षण आणि सूचना, खेळाडूंना निर्णयात घेणं, स्वतःच निर्णय घेणं, आधार देणं आणि शाबासकी. चेल्लादुराई यांच्या मांडणीनुसार परिस्थितीला काय हवं, खेळाडूला काय हवं आणि प्रशिक्षक काय करतो, या तिन्हींचा मेळ बसला तर कामगिरी आणि समाधान दोन्ही वाढतात. वूडन यांच्या वहीतला पन्नास टक्क्यांचा रकाना म्हणजे यातली पहिली बाजू.

मेळ म्हणजे सगळ्यांना सारखं वागवणं नव्हे, हे वूडन यांना अनुभवाने कळलं होतं. प्रत्येकाला त्याने कमावलेली वागणूक मिळेल, असं ते खेळाडूंना उघड सांगत. काही नियम मात्र सगळ्यांना सारखे. वॉल्टन एकदा सुट्टीनंतर केस आणि दाढी वाढवून आला आणि म्हणाला, माझ्या केसांवर तुमचा अधिकार नाही. वूडन म्हणाले, खरं आहे, तुझ्या मताचा मी आदर करतो. पण संघात कोण राहणार हे मी ठरवतो, आणि तुझी आठवण येईल आम्हाला. देशातला सर्वोत्तम खेळाडू सायकलवर बसून न्हाव्याकडे गेला.

याच शैलीत कमी पडलेलं काय होतं, ते बाकावर बसलेल्यांनी सांगितलं. १९६८मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या गाजलेल्या सामन्यात बाहेर बसवल्यावर एडगर लेसी दुखावला आणि संघ सोडून गेला. १९७०च्या हंगामअखेरच्या भोजनसमारंभात एका राखीव खेळाडूने भाषणाला उभं राहून, इथे मुख्य खेळाडूंना एक न्याय आणि आम्हाला दुसरा, असं सगळ्यांसमोर सांगितलं. १९७५च्या अंतिम सामन्यात वूडन यांनी सहाच खेळाडू उतरवले. बाकीच्यांनीही वर्षभर तोच सराव केला होता, तेच मोजे तसेच घातले होते. २,३२६ नोंदींच्या त्या टक्केवारीत कुणाच्या वाट्याला किती शिकवणं आलं, हे दिसत नाही.

आपल्या एखाद्या कॉलेजच्या खो-खो, कबड्डी किंवा बास्केटबॉलच्या मैदानावर हा अभ्यास करायला पैसा लागत नाही. दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या एखाद्या खेळाडूच्या हातात वही द्यावी आणि दोन-तीन सराव टिपायला सांगावं : सूचना, जोराची हाक, स्तुती, नुसतं रागावणं, रागावून पुन्हा शिकवणं, करून दाखवणं. त्याला आणखी एक रकाना जोडावा, ज्याला उद्देशून प्रशिक्षक बोलले त्याच्या नावाचा. संघातल्या बाराव्या खेळाडूच्या नावापुढे दोन तासांत किती खुणा पडल्या, ते प्रशिक्षकांनी स्वतः मोजून बघावं.